बुर्दुफचा वाटा

नाही, मला एवढंच सांगा, कण्हेर विषारी आहे हे म्हणायला माणसाने आधी कोणाची परवानगी काढायला हवी होती का? तुम्हाला सांगते, मी याश शहरातल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथे मी खोकले तरी मुलं वहीत उतरवून घेतात! आणि सासरच्या अंगणात पाऊल टाकून मी फक्त म्हटलं, "आई, त्या कण्हेरीच्या कुंड्या वर ओट्यावर ठेवा, बुर्दुफने चार पानं चघळली तरी त्याचं हृदय बंद पडेल," तर आमच्या सासूबाई, अग्लाया त्यांचं नाव, डोक्यावरच्या काळ्या रुमालाची गाठ घट्ट करत म्हणतात, "सूनबाई, कण्हेर माझ्या लग्नातली आहे आणि कुत्रा इथलाच वाढलेला आहे. दोघांची ओळख आहे."

ओळख आहे!... यावर विज्ञानाने काय बोलावं?

बरं, वर बघावं तर द्राक्षांचा मांडव. पिकलेले मणी टपटप खाली पडतायत, आणि खाली कोण पसरलंय? बुर्दुफ! म्हटलं, "आई, द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात." सासूबाई म्हणाल्या, "याची आई याच मांडवाखाली गेली." मी विजयी मुद्रेने विचारलं, "कशाने?" "म्हातारपणाने."

आता एका कुत्रीवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी त्यांना व्यवस्थित समजावून सांगत होते. एखादं कुत्रं पचवतं, एखादं मूठभर मण्यांत जातं, किती खाल्ल्यावर जाईल ते कोणालाच नक्की सांगता येत नाही, म्हणून तर धोका... आणि माझं हे वाक्य चालू असतानाच त्या माउलीने मनुका घातलेल्या गोड पावाचा तुकडा त्याच्यापुढे टाकला! मनगटापर्यंत हात घालून तो मी त्याच्या जबड्यातून काढला हो! आणि वर ऐकून काय घेतलं? "अगं, तोआदेरच्या नावाने दिला मी. त्यांच्या नावाने दिलेलं बाधत नाही!"

तोआदेर म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या ताटातलं अर्धं बुर्दुफचं, असा दोघांचा कायमचा करार होता. ते गेल्यापासून हा प्राणी फाटकाशी बसतो आणि रस्त्याकडे बघतो. हाकेला येत नाही. ऊन चढलं की मांडवाखाली, ऊन उतरलं की पुन्हा फाटकाशी. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जपा याला, वय झालंय, आता पोटाला जरासुद्धा बाधलं तर सोसणार नाही. आता अशा कुत्र्याला तुम्ही मनुका द्याल?

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. मी खबरदारी म्हणून पहाटेच उठून बुर्दुफसाठी वेगळं शिजवलं. भात, गाजर, कोंबडीचं मांस, हाड काढलेलं. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. सासूबाईंनी झाकण उचललं, वास घेतला. "कोण आजारी आहे?" म्हटलं, "याने कोणालाच काही होत नाही, आई."

आमच्याकडे रीत अशी, की गेलेल्याच्या आवडीचं भरलेलं ताट, नवा टॉवेल आणि पेटती मेणबत्ती कोणाच्या तरी हाती द्यायची. घेणारा म्हणणार, "देव त्यांना क्षमा करो," आणि जेवणार. तो जेवला की तिकडे गेलेला जेवला. मी हे मानत नाही. परंतु मी न मानल्यामुळे बंद पडलेली एकही रीत मला आजवर आढळलेली नाही.

तर पाद्रीबाबांचे मंत्र आटोपले. शेजारच्या प्रोफीरा काकूंचे यजमान मिशीला कंगवा फिरवून, हात पुढे करून तयार! आणि सासूबाई ताट घेऊन त्यांच्या समोरून सरळ फाटकाशी गेल्या आणि ते त्यांनी बुर्दुफपुढे ठेवलं.

ताट कसलं, विषशास्त्राचा पेपर होता तो! उकडलेल्या गव्हाचा गोड कोलिवा, आत मनुका, वर चॉकलेटचा क्रूस. कोबीच्या पानांत वळलेला खिमा, निम्मा कांदा. आणि लसणात थिजवलेलं डुकराचं मांस, ज्याचा वास पुढच्या गावाला जातो!

मी झेपच घेतली.

"सूनबाई, हात काढ!"

"आई, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात! चॉकलेट हृदयाला..."

"त्यांच्या नावाने दिलेलं बाधत नाही!"

"बाधतं!"

पाद्रीबाबा आकाशाकडे बघू लागले. आणि सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "वर्षभर ते उपाशी असतील गं तिकडे. याला दिल्याशिवाय कधी घास घेतला का त्यांनी?" याला उतारा कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे, सांगा ना!

इकडे बुर्दुफचं नाक ताटाला लागलेलं. मी ताट उचललं, छातीशी धरलं आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "देव त्यांना क्षमा करो."

प्रोफीरा काकू किंचाळल्या, "म्हटलं! हिने म्हटलं! आता हिलाच खावं लागणार!"

"म्हटलं की झालं," पाद्रीबाबा म्हणाले. "कुत्र्याच्या वतीने तू, बाई."

खाल्लं! कुंपणाला टेकून, हातात मेणबत्ती धरून सगळं खाल्लं! आणि तेवढ्यावर सुटका झाली म्हणता? अख्खी आळी आपापला वाटा घेऊन रांगेत उभी! "हे घे गं, बुर्दुफसाठी." "अजून एक, बुर्दुफला फार आवडतं." "दारूत बुडवलेला पाव घे, तोआदेर द्यायचे त्याला. चाट, चाट, लाजू नकोस!" आणि माझा नवरा, सिल्विऊ, सासऱ्यांचा सख्खा मुलगा, मांडवाच्या खांबामागे तोंड लपवून हसत होता!

दुपार कलल्यावर मी मांडवाखालच्या बाकावर आडवी. पोटात कोबी फिरतोय, डोक्यात दारू. आणि बुर्दुफ फाटकापासून उठला. ऊन उतरलेलं, म्हणजे त्याची फाटकाशी बसायची वेळ, तरी फाटक सोडून आला, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपला. कारण उघड आहे, माझ्या अंगाला लसणाचा वास येत होता. दुसरं काही नाही. तरीसुद्धा, पायांना मुंग्या आल्या तरी मी ते हलवले नाहीत, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

सासूबाई वाडगा घेऊन आल्या. माझाच तो भात, गाजर, कोंबडी. अळणी. "खा. तूच म्हणालीस ना, याने कोणालाच काही होत नाही?" अर्धा मला भरवला, अर्धा बुर्दुफला. त्याने वाडगा चाटून पुसून ठेवला.

मग सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, समाधानाने मान डोलावली आणि म्हणाल्या, "बघ! मनुका झाल्या, लसूण झाला, चॉकलेट झालं, आणि कसा टुणटुणीत आहे! सांगत होते ना तुला, त्यांच्या नावाने दिलेलं त्याला बाधत नाही?"

मी तोंड उघडलं, तर नुसता ढेकर आला. आणि तुम्हीच सांगा, बोलणार तरी काय होते? पुरावा तर त्यांच्या बाजूने शेपूट हलवत बसला होता!