तीन वितींचं स्टूल

(मधली सुट्टी. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात वर्तमानपत्राच्या सुरळ्या, सुतळी, एक पुठ्ठा आणि अर्धी भरलेली बादली.)

शिडी : मी सांगितलं होतं ना, प्रत्येकाने घरून तीन वितींचा एक पाय करून आणायचा? तुझा एवढासा कसा?

दशांश : तीन वितींचाच आहे. मोज.

शिडी : एक, दोन... आणि वर चार बोटं. झालं!

दशांश : ती तुझी वीत. माझ्या वितीने बरोब्बर तीन भरतात.

गप्पू : माझा मधला आलाय.

शिडी : वा! एक उंट, एक बोकड आणि एक ससा. अरे, चार दिवसांत अख्खा वर्ग तुला दशांश म्हणायला लागला, आणि तुला फूटपट्टी सुचली नाही?

दशांश : वीत तू म्हणालीस. मला वाटलं तूच गटप्रमुख.

शिडी : का? उंच आहे म्हणून?

गप्पू : आवाजावरून.

शिडी : अगं बाई, गप्पू बोलली! बरं, आता हा उंटाएवढा पाय कापू.

दशांश : कापलीस की सुरळी सुटेल. डिंक वाळायला तास लागतो, आणि पुढच्याच तासाला बाई यावर ही बादली ठेवणार आहेत. दहा आकडे मोजून होईपर्यंत टिकली पाहिजे.

शिडी : आज आपल्या गटातला तो चौथा हवा होता. परवाच तुकडी बदलायचा अर्ज दिला आणि पळाला ‘ब’ तुकडीत.

गप्पू : मीपण अर्ज आणलाय.

शिडी : काय?

गप्पू : सुट्टी संपायच्या आत ऑफिसच्या खिडकीवर द्यायचाय. आज शेवटचा दिवस. माझी मैत्रीण ‘ब’मध्ये आहे. जुन्या शाळेत पहिलीपासून आम्ही एकाच बाकावर बसायचो.

शिडी : मी ओरडते म्हणून चाललीस ना?

गप्पू : नाही. म्हणजे, थोडंसं.

दशांश : आणि स्टूल?

गप्पू : माझा पाय ठेवून जाते.

शिडी : पाय ठेवून कशी जाशील? लंगडत?

गप्पू : हसवू नकोस. थांब, तू पुठ्ठा धर. पाय फाकवून सुतळीने बांधू... सोड आता. हलवून बघ.

शिडी : अरेच्चा, डुगडुगत नाही!

दशांश : बरोबर आहे. तीन पाय कसेही असोत, तिन्ही जमिनीला टेकतातच. चौथा असता तर एखादा हवेत राहिला असता.

शिडी : मग बरं झालं तो पळाला! पण वरून बघ, घसरगुंडी झालीय. बादली ठेवते. पाणी तिरकं झालं!

दशांश : पाणी सरळच आहे. बादली तिरकी आहे.

शिडी : तू गप्प बस, घसरतेय ती! पकड! गेले माझे बूट...

गप्पू : उरलेली सुतळी दे. खालच्या बाजूला जाड वेटोळं ठेवू, वरच्या बाजूला पातळ. बादली त्यात बसेल. दशांश, तू मोज. शिडी, तू ओरडू नकोस.

दशांश : एक, दोन, तीन...

शिडी : मी ओरडत नाहीये!

दशांश : ...नऊ, दहा. टिकली!

शिडी : टिकली! गप्पू, अगं, टिकली!

गप्पू : आत्ता टिकली. पण वेटोळं बांधलेलं नाही. वर्गात नेताना सरकेल.

शिडी : ते आम्ही बांधू. तू पळ. खिडकी बंद व्हायला पाचच मिनिटं उरलीत.

गप्पू : तू बांधशील? तू ओढतेस इतकी, की सुतळीच तुटते.

शिडी : दशांश बांधेल.

गप्पू : तो आधी गाठ मोजत बसेल.

दशांश : चार मिनिटं.

शिडी : जा ना गं. ती वाट बघत असेल तुझी.

गप्पू : तिला शाळा सुटल्यावर फाटकाशी भेटेन.

दशांश : तीन मिनिटं. खिडकी बंद होईल हं.

गप्पू : होऊ दे. बोट ठेव इथे, दुसरी गाठ मारते.