चाकावरची चार बोटं

इंदापूरच्या दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यापुढं दोघं बोलत होते.

"रमजानभाई, सबिनावहिनींना आज सोडणार न्हवं?"

"व्हय तात्या. पण पाठीचं आपरेशन हाय. वाटंत हिसका बसता कामा नये."

"मग तुमची ती जुनी बुटकी मोटार? ती तर एका अंगानं बसलीय म्हणं."

"तिला स्प्रिंगा न्हाईत, चाकापाशी पाण्याच्या पिशव्या हायत. नीट भरल्या की पाळण्यावानी नेती. काल घरीच भरल्या, डाळिंबाच्या फवारणीचा पंप लावून."

"इखाराचा पंप?"

"सात पाण्यानं धुतला की! गंज न धरणारं पाणी घातलं."

"आन् रातीत गळलं आसंल तर?"

"त्याचीच धाकधूक हाय. गळलं तर पुन्हा बसंल. थांबा, लेकीचा फोन... सिमरन, चाक नि मडगार्डच्या मधी किती बोटं बसत्यात? पाच? आगं, काल चारच हुती! आपोआप कशी उठंल? ...हां, काल माझी बोटं हुती. तुझी बारीक. म्हंजी हाय तेवढीच हाय! घिऊन ये बाई, हळू."

"डोळं पुसा आधी."

"तात्या, माझी चिठ्ठी धरा. सबिनाला सांगून येतो, आपल्याच गाडीतनं जायचं."