आधी आजींशी बोल

कळव्यात शेअर रिक्षाची रांग हलेना, म्हणून ठमाबाईंचे कान मागे उभ्या असलेल्या दोन शाळकरी मुलींकडे गेले.

"शिवानी, तुझं पोट रोज शाळेच्याच वेळी कसं दुखतं गं?"

"नवीन शाळा, कल्पिता. वर्गात कोणाशी काय बोलायचं तेच कळत नाही. आजपण डबा तसाच राहिला."

"अगं, नुसतं विचारायचं, डब्यात काय आणलंय. पुढचं समोरची बोलते."

"आणि नाही बोलली तर?"

"चल, प्रॅक्टिस कर. पुढच्या आजींना विचार, पिशवीत काय आहे."

"वेडी आहेस का? चिडल्या तर?"

"हळू बोल, ऐकतील."

ठमाबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मुलींना नीट दिसेल अशी. मागे दोघींची बराच वेळ ढकलाढकली चालली.

"नको गं, उद्या विचारते."

ठमाबाई वळल्या. "उद्या कशाला गो? मी कवाची थांबलेय."

शिवानीला हसू फुटलं. "आजी, पिशवीत काय आहे?"

"सुके बोंबील. आन तुझ्या डब्यात?"

"मेथीचे पराठे."

"मग काढ की."

रिक्षा आली. ठमाबाईंनी मुलींच्या मागच्या माणसाला पुढे जायला सांगितलं.