फुली आहे तिथे सही

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे व्यवस्थापकसाहेब, कामगार संघाचे सचिव, माझ्या तपासणी खात्यातल्या मुलींनो, आणि पहिल्या रांगेत माझा गुच्छ मांडीवर सांभाळत बसलेले आमचे हे,

आपण माझा एवढा गौरव केलात, मी संकोचून गेले आहे. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, कापडातला दोष माझ्या नजरेतून कधी सुटला नाही. अहो, काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कापड सरकत जातं, धागा तुटलेला दिसला की खडूने खूण करायची. यात कसलं कौतुक? खालून उजेड होता म्हणून दिसत होतं. घरी तशी सोय नव्हती.

अध्यक्षांनी सुचवलं, जाता जाता नव्या मुलींना बचतीचे आणि कराचे दोन शब्द सांगा. मी म्हटलं, त्यासाठी आमच्या ह्यांनाच उभं करा. बायकांना त्यातलं काय कळतं, हे ह्यांचं ठाम मत. पण हे म्हणाले, आज तूच बोल. मन मोठं आहे हो ह्यांचं!

तर मुलींनो, पहिला पगार आपला असतो. लग्न झालं की त्याचं नियोजन सुरू होतं. आमच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे कागद घेऊन आले. त्यावर पेन्सिलने बारीक फुल्या मारलेल्या. मी वाचायला घेतलं तर म्हणाले, "वाचत काय बसतेस? फुली आहे तिथे सही कर." चपलांचं दुकान माझ्या नावाने घेत होते. का? तर बाईच्या नावाने नोंदणीला सवलत, आणि कर्ज माझ्या पगारावर, म्हणून करातही वजावट. "कागदोपत्री तुझं. नाहीतरी तुझं-माझं काही वेगळं आहे का?" काय बरं वाटलं होतं मला! ते वाक्य मी कितीतरी वर्षं उराशी धरून होते. पुढे घर घेतलं. तीच सवलत आणि तीच फुली.

चाळिशीत माणसाने काय करावं? मुदत ठेव करावी, असं हे म्हणतात. केली. माझ्या नावाने, माझ्या पगारातून, कर वाचवायला. त्याच वर्षी माझ्या आईच्या डोळ्याचा पडदा सुटला. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीपासूनच दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करा. मी ह्यांना म्हटलं, "माझी ठेव मोडू या." हे जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "मुदत पुरी होईपर्यंत हात लावायचा नाही. व्याज बुडेल, आणि वाचवलेला कर उलट भरावा लागेल. म्हातारपणी डोळे जायचेच."

गेले. त्यानंतर आई माझ्याकडे आली की दारातच माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवायची आणि विचारायची, "बारीक झालीस का गं?" ठेवीची मुदत यथावकाश पुरी झाली. त्या पैशांतून दुकानाला काचेची कपाटं आली. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. काच उत्तम आहे. आतलं सगळं स्पष्ट दिसतं.

असो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मी आवरतं घेते.

गेल्या महिन्यात कारखान्याने निवृत्त होणाऱ्यांसाठी एक वर्ग ठेवला होता. शिकवायला माझ्या भाचीच्या वयाची पोरगी. तिने विचारलं, "काकू, तुमच्या नावावर काय आहे?"

मी म्हटलं, "माझ्या कसलं? सगळं ह्यांचं."

"हप्ते कुणाच्या पगारातून गेले?"

"माझ्या."

"आणि सह्या?"

"माझ्याच."

ती म्हणाली, "मग काकू, काकांचं काय आहे?"

घरी पोचेपर्यंत मी आठवत होते. दुकानातल्या चपला त्यांच्या आहेत. तेवढ्या मी प्रामाणिकपणे सोडते.

मग मी एका वकीलबाईंना भेटले. हसू नका मुलींनो, पुढे उपयोगी पडेल. माझ्या निवृत्तीच्या पैशातून दुकान वाढवायचं ह्यांच्या मनात आहे. सुताराला मापंसुद्धा देऊन झाली. तर अहो, ऐकताय ना? ते पैसे मी कालच लांब मुदतीच्या ठेवीत टाकले. मुदत पुरी होईपर्यंत हात लावायचा नाही. व्याज बुडेल.

आणि पुढच्या महिन्यापासून दुकानाला भाडं. बाजारभावाने लावलंय. त्यावर मला कर भरावा लागेल, तो मी आनंदाने भरीन. घराचं मात्र भाडं घेणार नाही. पाहुण्याकडून कुणी भाडं घेतं का? करार तुमच्या मांडीवरच्या गुच्छाखाली आहे, त्या पाकिटात. अहो, आत्ता वाचत काय बसता? फुली मारून ठेवली आहे.

मुलींनो, तुम्ही मात्र वाचा. कागद दिव्यावर धरा, मगच सही करा.

आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, चार गोड शब्द बोललात, मी आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मला ते जमलेलं नाही. नमस्कार.