यूलानच्या पाकिटावरचा शिक्का

"पाकीट हलवून बघू नकोस, देवयानी."

आठ वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्या दिवशी, कॅथरिन तुस्कानो यांनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. नमस्काराच्याही आधी. कारण मी खरोखरच एक बंद पाकीट कानाशी धरून हलवत होते.

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लंडन मराठी मंडळाचा भार वर्षानुवर्षं वाहणारे श्री. जनार्दन केळुसकर, व्यासपीठावर आवर्जून येऊन बसलेल्या आमच्या विभागप्रमुख मिशेल, आजच्या सत्कारमूर्ती कॅथरिनताई, त्यांचे चिरंजीव रिचर्ड, आणि रिचमंड हिलपासून विंटर टायर्सच्या भरवशावर गाडी हाकत आलेले आपण सर्व रसिकजन, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार. भाषण नमस्काराने सुरू करायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण ज्यांच्याविषयी बोलायचं, त्यांनीच मला हा क्रम असा शिकवला.

कॅथरिनताईंनी सत्तावीस वर्षं आमच्या हॉस्पिटलच्या कर्मचारी नोंदी सांभाळल्या. वसईहून आलेल्या या बाईंच्या कपाटात दोन हजारांवर माणसांचं नोकरीतलं आयुष्य आहे. आपल्यापैकी किती जणांनी कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, अप्लाय करताना त्यांना फोन केला असेल? हात वर करायला सांगत नाही, नाहीतर चहाचा कप धरायला कोणी उरणार नाही.

मला स्वभावानेच दुसऱ्यांच्या कागदांचं कुतूहल. माझी आई ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिची बदली झाली की तिचं सेवापुस्तक टपालाने तिच्या मागोमाग जायचं, आणि ते पोचेपर्यंत आई अस्वस्थ असायची. इथे तसं काही नाही. नर्स एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे गेली की तिची फाइल आमच्याकडेच राहते. नव्या ठिकाणी तिच्याविषयी चार ओळींचं पत्र जातं, बस. त्यामुळे मला वाटायचं, फाइल म्हणजे शेवटी काय, कागदच.

मग या फेब्रुवारीत यूलान आली.

यूलान शेन आमच्याकडे चौथ्या मजल्यावर नर्स होती. त्याआधी अकरा वर्षं ती चीनमधल्या एका शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात होती. तिकडची आई आता अठ्ठ्याहत्तरची, एकटी, आणि जिन्यावरून पडलेली. म्हणून यूलान चौदा वर्षांचा इथला संसार आवरून परत निघाली होती. तिच्याच शहरातलं दुसरं हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं. अट एकच, एप्रिल अखेरपर्यंत तिची वैयक्तिक फाइल त्यांच्याकडे पोचली पाहिजे.

तिने ती काउंटरवर ठेवली. तपकिरी कागदाचं जाडजूड पाकीट, सांध्यांवर कागदी पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर लाल गोल शिक्का.

तिने आम्हांला समजावलं ते असं. तिकडे माणसाची फाइल शाळेपासून सुरू होते. गुण, शिक्षकांचे शेरे, नेमणूक, पगारवाढ, वरिष्ठांचं मत, सगळं त्यात. माणूस नोकरी बदलतो तेव्हा नवं ऑफिस मागणीपत्र पाठवतं, जुनं ऑफिस फाइल सीलबंद करून परस्पर रवाना करतं. मधे ठेवायची झाली तर शहरातल्या सरकारी केंद्रात ठेवतात. आणि जिची फाइल, तिने ती उघडायची नाही. कधीच नाही. सील फुटलं तर ती फाइल कोणी घेत नाही, आणि तिच्यातली नोकरीची वर्षं पेन्शनच्या हिशेबात सिद्ध करायची कशी, हा प्रश्न उरतो.

"मग ही तुझ्याकडे कशी?" ताईंनी विचारलं.

जुन्या हॉस्पिटलने निघताना तिच्या हातात दिली होती. पंधरा दिवसांत केंद्रात जमा कर म्हणून. चौथ्या दिवशी तिचं विमान होतं. केंद्रावर दोनदा गेली, दोन्ही वेळा रांग संपायच्या आत खिडकी बंद झाली. मग तिने ती सुटकेसमध्ये घातली. चौदा वर्षं ती इथे, तिच्या बेसमेंटमधल्या कपाटात होती.

"आणि तू एकदाही उघडली नाहीस?" हा प्रश्न अर्थातच माझा.

"नाही."

"आत काय आहे, वाटत नाही बघावंसं?"

यूलान हसली. म्हणाली, "सोळाव्या वर्षी माझ्या बाईंनी माझ्याबद्दल काय लिहिलं असेल, हा विचार मी दर वाढदिवसाला करते. पण ते माझ्याबद्दल आहे, माझ्यासाठी नाही."

मंडळी, त्या रात्री घरी जाऊन मी बराच वेळ या वाक्याचा विचार केला. आपल्याविषयी लिहिलेलं पाकीट चौदा वर्षं आपल्याच कपाटात ठेवून माणूस कसा जगत असेल? तुम्ही राहिला असता? मी चौदा मिनिटं राहिले नसते.

पण अडचण वेगळीच होती. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं, आणि एका पट्टीचा कोपरा सुटला होता. तिने पाकीट उघडलं नव्हतं, पण ते उघडल्यासारखं दिसत होतं. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं, आमच्याकडे बरा डिंक आहे का.

ताई म्हणाल्या, "डिंक लावलास ना, तर मग खरंच उघडल्यासारखं होईल. थांब, बघू."

आता पुढचं मी सांगते ते नीट ऐका.

आमच्या काउंटरवर जो कागद येतो त्यावर पहिल्यांदा 'मिळाले' असा शिक्का आणि तारीख पडते. ही इतक्या वर्षांची सवय. ताई फोनकडे वळल्या, यूलान हातमोजे काढत होती, आणि मी, बोलता बोलता, ते पाकीट पुढे ओढलं आणि त्यावर शिक्का मारला. ठप्प. त्या लाल गोल शिक्क्याच्या अर्ध्या भागावर, आमच्या हॉस्पिटलचा निळा चौकोन. सतरा फेब्रुवारी.

यूलानने फक्त हातमोजे परत घातले.

ताई मला म्हणाल्या, "जा बाय, तोंड धुऊन ये."

मी परत आले तेव्हा त्या कामाला लागल्या होत्या. त्यांनी पाकिटाच्या सहाही बाजूंचे फोटो काढले. कोणती पट्टी किती सेंटिमीटर सुटली आहे ते मोजलं. मग कोऱ्या कागदावर निवेदन लिहायला घेतलं. मी खांद्यावरून वाचत होते. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं की, पाकिटावरचा निळा शिक्का त्यांच्या स्वतःच्या हातून चुकून पडला.

मी म्हटलं, "ताई, शिक्का मी मारला."

"काउंटर माझं आहे."

"पण हात माझा होता."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तुझी मुलाखत कधी आहे?"

"सोळा मार्चला."

"मग गप्प राहा आणि टपालाच्या खोलीतून वजनकाटा आण."

मंडळी, मी वजनकाटा आणला.

पाकीट सातशे चाळीस ग्रॅम भरलं, तेही निवेदनात गेलं. मग पुढचे तीन आठवडे ताई संध्याकाळी घरून यूलानला मधे बसवून तिच्या जुन्या हॉस्पिटलला फोन करत राहिल्या, तिकडे तेव्हा सकाळ असते. पलीकडे नोंदी सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, त्याही निवृत्तीला आलेल्या. पहिल्या फोनला त्या फार कडक होत्या. तिसऱ्या फोनला म्हणे दोघी कपाटांच्या किल्ल्यांविषयी बोलत होत्या आणि यूलान मधल्या मधे भाषांतर करून दमली होती. "फाइलचं वजन कोणी करतं का?" असं त्या बाईंनी विचारलं. आणि लगेच, "काटा कोणता वापरला?" असंही.

शेवटी त्या म्हणाल्या, पाकीट कुरियरने पाठवू नका, तिने स्वतः आणावं. आम्ही आमच्या नोंदवहीशी पानं ताडून बघू आणि आमच्याच शिक्क्याने पुन्हा बंद करू. पण निळ्या शिक्क्याची जबाबदारी कोणा एका माणसाने नावानिशी घेतलेली हवी. 'ऑफिसकडून पडला' हे चालणार नाही.

ताईंचं निवेदन तयारच होतं.

एप्रिलमध्ये यूलान ते पाकीट मांडीवर घेऊन विमानात बसली. पानं बरोबर निघाली. नव्या हॉस्पिटलने फाइल घेतली, अकरा वर्षं जमेस धरली. सप्टेंबरमध्ये तिचा फोटो आला, वॉर्डातल्या खिडकीपाशी आई आणि ती. आत काय लिहिलं होतं, ते तिला अजूनही माहीत नाही. मलाही नाही, आणि मला अजून हे पचलेलं नाही.

पण एक गोष्ट मला माहीत आहे. आमच्या विभागाचा नियम असा, की ऑफिसच्या हातून दुसऱ्याच्या कागदाला धक्का लागला तर त्याची प्रत चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये लावायची. ताईंनी ती स्वतःच्या हाताने लावली. सत्तावीस वर्षांत त्यांच्या फाइलमध्ये पडलेला हा एकच असा कागद. ताईंच्या जागेसाठीची सोळा मार्चची मुलाखत मी दिली, माझ्या फाइलमध्ये काही नव्हतं. सोमवारपासून मी त्यांच्या खुर्चीत बसणार आहे.

रिचर्ड, तू इतका वेळ मिशेलच्या कानात हे इंग्रजीत थोडक्यात सांगतो आहेस. आता मात्र तिला पूर्ण सांग, एकही वाक्य न गाळता.

"ऑल ऑफ इट, आंटी?"

हो, सगळं. शिक्का कोणी मारला तेही.

केळुसकरकाका, सत्काराच्या कार्यक्रमात मी भलतंच काहीतरी बोलले असेन, तर तो दोष माझ्याकडे ठेवा. मंडळाने बोलण्याची संधी दिली, समोसे गरम ठेवले आणि मला मधे थांबवलं नाही, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. ताई, तुमच्याबद्दल मात्र आभार हा शब्द मी वापरत नाही, तो फार हलका पडेल.

त्याऐवजी एक मागते. तुमची फाइल शुक्रवारी बंद होऊन गोदामात जाईल. त्याआधी त्यातलं तुमचं निवेदन मला काढू द्या आणि त्या जागी माझ्या सहीचं ठेवू द्या. मी ते लिहून आणलं आहे, तारखेसकट, माझ्या पर्समध्ये आहे. एकदा लावलेला कागद काढायचा नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि तुमची मान आत्तापासूनच नाही म्हणून हलते आहे, ते मला इथून दिसतं आहे. तरी सगळ्यांसमोर विचारते. काढू?