बसलिंगअप्पांनी राखलेली जागा

माता-भगिनींनो, अप्पांच्या सोयऱ्यांनो, पेठेतल्या व्यापारी बांधवांनो,

मठात आज सगळी पेठ जमली आहे. मला बोला म्हणालात.  बोलतो.

आपले बसलिंगअप्पा गेले, लिंगैक्य झाले. कशानं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. धुरानं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आपण पेठेत पेढे वाटले. दुकानं वाढली, कचराही वाढला. मग दुष्काळ पडला. ओढ्याला पाणी असतं, तर ठेकेदाराचा ट्रॅक्टर पलीकडं रुद्रभूमीत, आपल्या माणसांना माती देतो त्या जागेत, गेलाच नसता. कचऱ्याची ठरलेली खदान लांब. डिझेल कोण घालणार? कचऱ्याची पट्टी वाढवायची म्हटलं की आपणच ओरडायचो. आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणायचो, "कुठं बी टाक बाबा, दारातनं तेवढं ने."

अप्पा एकटे आडवे गेले.

"सरका की अप्पा," ड्रायव्हर म्हणाला, "मोकळं रान हाय."

"मोकळं? तुझ्या चाकापशी माझी महादेवी बसलीय."

त्यानं दचकून ट्रॅक्टर पुढं घेतला. "मग इथं?"

"इथं चन्नाप्पा पानवाला. लई तापट हाय. बघ बाबा."

ड्रायव्हर हसला. भरला ट्रॅक्टर घेऊन परत गेला. पण पुढं तो अप्पा टँकरच्या रांगेत असताना येऊ लागला.

परवाच्या सोमवारी कुणीतरी ढीग पेटवला. अप्पांनी घरातल्या भरल्या घागरी उचलल्या. सूनबाई दारात आडवी आली.

"मामा, लेकरांना प्यायला न्हाई, अन् उकिरड्यावर वतायलाव?"

"तुझ्या सासूला चटका बसायलाय गं."

एवढंच बोलले. ढिगापाशीच पडले.

आपल्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. कपाळी विभूती, हातात इष्टलिंग, आणि बसवून माती देतात. महादेवीअक्कांच्या शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी राखली होती. आपण खणायला गेलो. फुटक्या काचा. दवाखान्यातल्या पट्ट्या. खाली धुमसणारे टायर. कुदळ मातीला लागेचना. शेवटी अप्पांना शेताच्या बांधाला बसवलं. नवरा अलीकडं, बायको ओढ्यापलीकडं. असं कधी झालं होतं का आपल्या गावात?

ठेकेदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण त्या ढिगात खोके कुणाच्या दुकानांचे होते? खणताना सगळ्यांनी आपापले ओळखले. 

उद्या सकाळी फावडी घेऊन ओढ्यापलीकडं या. खदानीपर्यंतचं डिझेल आपण घालू. अक्कांच्या अंगावरचं ते ओझं आधी उतरवू. दुसरी श्रद्धांजली मला सुचत नाही.

आता थोडा वेळ शांत राहू. उभं राहायची रीत आहे. आज उभं राहू नका. बसूनच राहा.

अप्पा तिकडं बांधावर एकटे बसलेत.