तव्यावरची चकती

दुष्काळाच्या त्या साली नळदुर्गच्या सोसायटीत रॉकेलची रांग काही हलत नव्हती. मागून चांगुणाबाईचा आवाज आला, तशी मच्छिंद्र मिस्त्रीनं टोपी कपाळावर ओढली. तिचं कपडे वाळवायचं यंत्र बघून, मुंबईहून नवा पार्ट आणावा लागेल, असं त्यानंच सांगितलं होतं.

"एवढं ऊन पडलेलं असताना यंत्र कशाला गं, चांगुणा?"

"सरुमावशी, भाईर वाळत घातलं की फुफाट्यानं लाल होतंय. टँकरचं पाणी एकडाव मिळतंय, परत कुठनं धुवायचं? म्हणून भावानं दुबईहून पाठवलं. तर ते तापलं की बंदच होईना. बाळाची दुपटी करपली."

"मिस्त्री काय म्हणला?"

"गर्मी वळखायची चकती मेली म्हणला. म्या म्हणलं, मेली का न्हाय ते बघू तरी. वीज काढली, चकती सोडवली. वर कपड्याच्या धाग्यांची गोधडीच बसलेली. पुसली आन् भाकरीच्या तव्यावर ठेवली."

"अगं बया."

"तवा तापला तशी टिक वाजली. उतरवून गार केली, परत टिक. जित्ती होती, मावशी. नुसती झाकून गेलेली."

"मग आता?"

"काल दुपटी वाळली आन् यंत्र आपलं आपण थांबलं. सासूबाईंनी गल्ली गोळा करून दाखवलं."

रांग सरकली. मच्छिंद्र मात्र जागचा हलला नाही. मान न वळवताच त्यानं विचारलं,

"वैनी, जाळ मंद ठेवला होता का मोठा?"